कोलंबसवरची नवरी

सोमवार, ३ मार्च २०२५

आज सासरी आले. लग्न लातूरच्या मठात झालं, तिथूनच आम्ही श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला गेलो, त्यामुळं घराचं तोंड आजच पाहिलं. धर्मापुरीच्या रस्त्यावरून गाडी वळली तेव्हा आधी दिसला तो आकाशपाळणा. माळावर बाकी काहीच नाही. हरभरा निघालेली रानं, चार बाभळी, आणि मधेच निळा-पिवळा पाळणा उभा. मला हसू आलं. हे म्हणाले, हसू नको, तेच आपलं घर आहे.

खरंच तसं आहे. सासऱ्यांचं नंदीवन फन पार्क आणि आमचं घर एकाच कंपाउंडात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याच्या घसरगुंड्या दिसतात आणि आमच्या खोलीतून कोलंबस. जत्रेत झुलणारं जहाज असतं तेच, पण हे लई मोठं, लोखंडी खांबांवर पक्कं बसवलेलं. लहानपणी जत्रेत कोलंबसमध्ये बसायचं म्हणून मी अण्णांच्या मागं लागायचे. आता तो माझ्या अंगणात आहे.

सासूबाईंचं नाव मल्लम्मा. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना, कल्याणरावांना, मामा. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळला, मग माझं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिल्या. मामांकडं बघून त्यांनी मान हलवली. म्हणजे पसंत पडले.

हे स्थळ अक्कानं आणलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण उज्ज्वला. परळीला असते. आई गेल्यावर तिनंच माझं सगळं केलं. आमच्या अण्णांचं नांदूरघाटला छोटं किराणा दुकान. एवढ्या मोठ्या घरातून मागणी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मानपान काही मागितलं नाही. एकच अट होती, लग्न साधं आणि घरच्या माणसांत. अण्णांना तर तेच बरं वाटलं. दाजींना पार्कातलं कॅन्टीन चालवायला मिळालंय, म्हणजे अक्काही येत-जात राहणार. मला आणखी काय पाहिजे?

गुरुवार, ६ मार्च

घराची सवय होतेय. पहाटे सगळ्यांच्या इष्टलिंगाच्या पूजा, मग दशम्या, धपाटे, दुपारी येसराची आमटी. आत्या मला चुलीपुढं बसू देत नाहीत. रंग काळवंडंल म्हणतात. उन्हातही जाऊ देत नाहीत. एवढे लाड माझे कुणी केले नव्हते.

ह्यांचं नाव विश्वेश्वर. बोलतात कमी. पार्कातल्या सगळ्या मशिनी तेच बघतात, हाताला कायम ग्रीसचा वास. रात्री मी काही सांगायला लागले की ऐकता ऐकता माझ्याकडं असं बघतात, जणू मी काय बोलतेय यापेक्षा कशी बोलतेय ते बघायचंय.

आज पार्क फिरून पाहिलं. लाटांचा हौद, रेन डान्स, टोराटोरा, पुठ्ठ्याचा राजवाडा. कोलंबसच्या शेजारी सिमेंटचा एक चबुतरा, त्यावर लाल बदामाची चौकट. जोडपी तिथं फोटो काढतात. तिकिटाच्या खिडकीत दिपाली नावाची मुलगी बसते, धर्मापुरीचीच. मला बघितलं आणि तिच्या हातातलं तिकिटाचं बंडल खाली पडलं. उलगडत पार फाटकापर्यंत गेलं. आम्ही दोघींनी मिळून गुंडाळलं. तिनं मान वर केली नाही. लाजाळू असेल.

माझ्या फोनला इथं रेंज नाही. ह्यांनी नवीन सिम घालून आणतो म्हणून नेलाय.

रविवार, ९ मार्च

आज गंमत झाली. सकाळी आत्यांनी कपाटातून शालू काढला. कुंकवाच्या रंगाचा, जरीचा जड काठ. म्हणाल्या, आमच्याकडं नव्या सुनेनं रविवारी नवरीसारखं नटून पार्कात फिरायचं असतं, पब्लिकला लई आवडतं. मी माझा लग्नातला जांभळा शालू काढायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हाच नेसायचा.

मुंडावळ्या, हिरवा चुडा, नथ, सगळं चढवलं. लाज वाटत होती, पण बाहेर गेले आणि लोक धावतच आले. पोरीबाळी फोटोला उभ्या राहिल्या. बदामाच्या चौकटीत उभी राहून राहून पाय दुखले. मग ह्यांनी मला कोलंबसच्या शेवटच्या सीटवर बसवलं. जहाज वर गेलं की पार गावाच्या जुन्या देवळापर्यंत सगळं दिसतं. मी हसत होते. खाली आल्यावर एक बाई म्हणाली, तुमी तश्याच दिसता, रीलमधल्यासारख्या. मी म्हटलं, कसलं रील? तिचा नवरा तिला ओढून घेऊन गेला.

शालूच्या पदराला एका जागी रफू केलंय. बारीक, कुणाला कळणार नाही असं. आणि त्याला ओल्या सिमेंटचा वास येतो. आत्या म्हणाल्या, कपाट भिंतीत आहे, ओल येते.

रविवार, १६ मार्च

आजही शालू. गर्दी दुप्पट होती. मामा फाटकात उभे राहून लोकांना हात जोडत होते, म्हणत होते, बघा, आमची सून बघा, डोळ्यांनी बघा. मला विचित्र वाटलं. सून दाखवायची हौस असते, पण हे कुणाशी तरी भांडल्यासारखं होतं.

कोलंबसवर माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नाही. आज एका आईनं तिच्या पोरीला तिथं बसवलं तर पोरगी रडून उतरली. म्हणाली, तिथं दुसरी नवरी बसलीय. सगळे हसले. मीही हसले. मग हात टेकवला तर सीट ओली होती. एवढ्या उन्हात.

अक्काशी बोलायचं होतं. आत्यांनी त्यांच्या फोनवरून लावून दिला आणि समोर बसून राहिल्या. मी अक्काला म्हटलं, इथं सगळं चांगलं आहे, पण मला इथं बघतात कशाला तेच कळत नाही. अक्का म्हणाली, दिसायला चांगली आहेस म्हणून बघतात, जास्त डोकं चालवू नको.

रविवार, २३ मार्च

आज जहाज वर गेलं तेव्हा कुणीतरी माझा पदर धरला. ओढला नाही. घट्ट धरून ठेवला, माझ्या मांडीशी. मी वळून बघितलं, शेजारी कुणी नाही. खाली येईपर्यंत पदर तसाच धरलेला होता. उतरले तेव्हा त्यावर बोटांचे ओले ठसे होते, करडे, वाळले तसे पांढरे पडले.

ह्यांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मोटरसायकल काढून गेले.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दाजी कॅन्टीनमधून श्रीखंड घेऊन आले. अक्का आली नाही, तिला कणकण आहे म्हणे.

दुपारी शालू नेसून चबुतऱ्यावर उभी होते. आत्या आल्या आणि सगळ्या लोकांसमोर मला म्हणाल्या, शिवलीला, जरा इकडं बघ, फोटो काढतेत.

मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

नंतर विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात सुनेचं नाव बदलतात. मग लग्नातच का नाही बदललं? आणि नाव बदलायचं तर मला सांगायला नको? तेव्हा लक्षात आलं, या घरात आल्यापासून मला कुणी रुद्राणी म्हटलेलंच नाही. अगं, पोरी, सूनबाई. एवढंच.

गुरुवार, ३ एप्रिल

पार्कात आज माणूस नव्हतं. मी तिकिटाच्या खिडकीत दिपालीजवळ जाऊन बसले आणि तिला सरळ विचारलं, शिवलीला कोण? तिनं आधी फाटकाकडं बघितलं, मग घराकडं. मग फोन काढून एक रील दाखवलं.

कोलंबसवर नवरी बसलीय. कुंकवाच्या रंगाचा शालू, मुंडावळ्या, दोन्ही हात वर करून हसतेय. मला वाटलं मीच. खरंच वाटलं. मग दिसलं, जहाजामागं आभाळ भरून आलंय, आणि बदामाचा चबुतरा कुठंच नाही. तिथं मोकळी जागा आहे, गवत आहे.

हे रील मागच्या वर्षीचं. हजारो लोकांनी बघितलेलं. ह्यांची पहिली बायको. आमचं नाक तेच, हनुवटी तीच, हसतानाचे दात तेच.

म्हणून मी. म्हणून एवढ्या मोठ्या घराची मागणी.

शुक्रवार, ४ एप्रिल

ह्यांना विचारलं. रडायला लागले. म्हणाले, शिवलीला दुसऱ्या कुणाबरोबर तरी निघून गेली. भालकीकडं तिची आई आहे, विधवा, डोळ्यांत मोतीबिंदू, ही एकच लेक. तिला खरं कळलं तर लाजेनं जीव देईल. लोक म्हणायला लागले, नवरी कोलंबसवरून पडून मेली, आणि पार्क ओस पडलं. तुला नवरी म्हणून बघितलं की लोकांची तोंडं बंद होतात, त्या म्हातारीचाही जीव शांत राहतो. कुणाचं वाईट होतंय का यात?

मी विचारलं, अक्काला हे माहीत होतं? म्हणाले, नाही. त्यांना काहीच माहीत नाही.

निदान अक्का तरी माझी आहे.

रविवार, ६ एप्रिल

तिची आई आली होती. चंद्रभागाबाई. तिला फाटकाच्या आत घेतलं नाही. ती तारेच्या कुंपणाला धरून उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी कोलंबसवर होते. जहाज तिच्या बाजूला वर गेलं की ती ओरडायची.

"लीला, अगं लीला, खाली ये की माय. कावून बोलंना झालीस?"

हे खालून माझ्याकडं बघत होते. मी हात हलवला.

त्या बाईनं पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली, तिथूनच, तारेच्या बाहेरून. मग खाली बसून रडली.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. जहाज थांबलं तेव्हा मला ओकारी आली. शेजारच्या सीटवर कुणीतरी हुंदके देत होतं. मी नव्हते देत.

गुरुवार, १० एप्रिल

चंद्रभागाबाई पोलीस ठाण्यात गेली. लेक भेटू देत नाहीत म्हणून. आज एक साहेब आले. मामांनी त्यांना उसाचा रस दिला. मला शालू नेसवून पुढं उभं केलं. ह्यांचा हात माझ्या पाठीवर. आत्या कानात म्हणाल्या, एका शब्दाचं काम हाय पोरी, एवढं केलंस की तुझा फोन देते, माहेरी धाडते.

साहेबांनी मोबाइलवर रील बघितलं, मला बघितलं. नाव विचारलं.

मी म्हणाले, शिवलीला.

साहेब हसून उठले. फोन मिळाला नाही.

रविवार, १३ एप्रिल

दिपालीनं खरं सांगितलं. उद्यापासून ती येणार नाही. परवा मामा तिच्या घरी जाऊन आले, म्हणून तिचा बाप तिला लातूरला तिच्या आत्याकडं धाडतोय. दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत होते, ती झाडायच्या निमित्तानं आली आणि दाराला पाठ लावून बोलली.

शिवलीला कुठं गेली नाही. दुसरं रील काढायचं म्हणून सोमवारी, पार्क बंद असताना, तिला शालू नेसवून कोलंबसवर बसवलं. पदर सुटून खालच्या चाकात गेला. ती ओरडली. ह्यांना वाटलं, हसतेय. रील चालू होतं म्हणून थांबवलं नाही.

"वैनी, त्या मेल्या नव्हत्या. पाणी मागत व्हत्या. मी म्हणलं गाडी काढा, अंबाजोगाईला न्या. तर मालक म्हणले फाटक लाव. बाहेर कळलं तर पार्क गेलं. मालकिणीनं त्यांच्या तोंडाला पदर लावला. दिवस मावळंपर्यंत व्हत्या त्या. मंग चार दिस पार्क बंद व्हतं. उघडलं तवा तिथं चबुतरा व्हता."

मी विचारलं, तू कुणाला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगितलं. दाजींना. तुमच्या बहिणीलाबी. त्या तवा कॅन्टीनचं इचारायला आलत्या.

मी विचारलं, कधी? तुमचं लग्न ठरायच्या आधी, म्हणाली.

मला पुढचं ऐकू आलं नाही.

म्हणजे मी दर रविवारी तिच्यावर उभी राहते. तिच्या अंगावरचा शालू नेसून, तिच्या अंगावर.

सोमवार, १४ एप्रिल

दिपाली खोटं बोलली असेल. माणूस घाबरला की काहीही बोलतो. अक्कानं मला आंघोळ घातलीय, तापात रात्ररात्र उशाशी बसलीय. ती असं करणार नाही.

सकाळी कॅन्टीनमधून दाजींचा फोन घेतला. मी एवढंच म्हणाले, अक्का, मला घेऊन जा. ती म्हणाली, परवा येते. आवाज नेहमीचाच होता.

बुधवार, १६ एप्रिल

अक्का आली. पण तिच्याबरोबर साहेब आले, आणि चंद्रभागाबाई. सगळे ओसरीवर बसलेले. मला वाटलं, अक्कानंच साहेबांना आणलं. मला धीर आला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, साहेब, मी शिवलीला नाही. मी रुद्राणी, नांदूरघाटची. ही माझी सख्खी बहीण. हिला विचारा.

साहेबांनी अक्काकडं बघितलं.

अक्का माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"न्हाई साहेब. ही शिवलीलाच. डोक्यावर थोडा परिणाम झालाय तिच्या. माझी बहीण रुद्राणी पळून गेली. आमच्या अण्णांनी तिच्या नावानं आंघोळ केली."

मी अक्काचा हात धरला. तिनं सोडवला, एकेक बोट करून.

मग त्या म्हाताऱ्या आईनं माझं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाली, वाळलीस गं माझे बाई. आणि मला कुशीत घेतलं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. मिटलं. ह्या सगळ्यांत तिचाच एकटीचा हात खरा होता.

मी म्हणाले, आई, मला तुझ्याबरोबर ने.

गुरुवार, १७ एप्रिल

विचार केला. रुद्राणी म्हणून मला कुणी सोडवणार नाही. शिवलीला म्हणून तरी सुटेन. भालकीला पोचले की त्या आईच्या पाया पडून सगळं सांगेन. काल साहेबांसमोर मामांना हो म्हणावं लागलं. बसवजयंतीला लेक माहेरी पाठवतो म्हणाले. मंगळवारी, एकोणतीसला, ती न्यायला येणार.

तोवर गप्प राहायचं. जेवायचं. हसायचं.

रविवार, २० एप्रिल

शालू. कोलंबस. आज पदर धरणाऱ्या हाताला मी माझा हात लावला. गार आहे, खरखरीत. घाबरले नाही. आता कळलं की ती पदर कशाला धरते. चाकात जाऊ नये म्हणून.

मंगळवार, २२ एप्रिल

अक्का कॅन्टीनचं सामान मोजायला आली होती. मागच्या दारी गाठलं. फक्त एवढंच विचारलं, कावून, अक्का?

ती डाळीच्या पोत्याचं तोंड बांधत राहिली. मग म्हणाली, तुझं करता करता माझं वय गेलं. आईनं तुला माझ्या मांडीवर टाकलं आणि गेली, मला कुणी विचारलं का? माझी शाळा गेली. चांगलं स्थळ गेलं. आता तुझ्यामुळं जरा बरे दिवस आलेत तर तू तेवढं तरी मोडू नको.

मी म्हणाले, ते मला मारतील. ती म्हणाली, काही मारत नाहीत. बस नटून.

तिला माहीत आहे. तिचा आवाज मला लहानपणापासून ओळखू येतो.

अण्णांना वाटतं मी पळाले. अण्णा दुकानात बसतात, रस्त्याकडं तोंड करून — लोक काय काय विचारत असतील.

शनिवार, २६ एप्रिल

दुपारी आत्या आणि मामा देवघरात बोलत होते. मी माजघरात. आत्या म्हणाल्या, ती तिकडं गेली की तोंड उघडणार. मामा कपाळाला विभूती लावत होते. सावकाश. म्हणाले,

"म्हातारीला लेक पायजे ना. देऊन टाकू."

मग म्हणाले, कोलंबसवरनं पडली म्हणून सांगायचं. या वेळी काही लपवायचं न्हाई. साहेबांनाबी बोलवायचं.

हे तिथंच होते. ह्यांनी विचारलं, कोणती सीट?

रविवार, २७ एप्रिल

फाटकाला दोन माणसं बसवलीत. तारेला करंट सोडलाय, जनावरं येतात म्हणून. मी लोकांत ओरडले — लोक हसले. फोन वर धरून शूटिंग करत होते. नवरी येडी झाली म्हणे. आत्या म्हणाल्या, नाटकाचाच भाग हाय.

ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तुमच्याबरोबर श्रीशैलला गेले होते मी. तुमच्या हातचा प्रसाद खाल्ला. ह्यांनी पाय मागं घेतला. म्हणाले, उद्या लवकर आवर.

सोमवार, २८ एप्रिल

पार्क बंद. ऊन रणरणतंय. मला शालू नेसवून कपडे बदलायच्या खोलीत बसवलंय, बाहेरून कडी. वही पोटाशी होती. माहेरी जायच्या आधी शेवटचं रील, म्हणाले.

खिडकीतून सगळं दिसतं. मामा, आत्या, अक्का चबुतऱ्याच्या सावलीला. अक्का पण आलीय. हे पाना घेऊन जहाजावर चढलेत, शेवटच्या सीटचा दांडा सोडवतायत. नट काढून खिशात टाकला.

शालू ओला व्हायला लागलाय. निऱ्यांपासून वर. वास येतोय, सिमेंटचा —

कोलंबस चालू झाला.

हे अजून वर आहेत. ओरडतायत, कोण हाय रे खाली, बंद कर. बटणांच्या केबिनमध्ये कुणीतरी उभं आहे. पाठमोरी. केस मोकळे, करडे.

जहाज वर चाललंय. पार वर. एवढं कधी —

मामा केबिनकडं धावले आणि मधेच थांबले. आत्या जमिनीवर बसल्यात. हात जोडलेत. म्हणतायत, शिवलीला, थांबव गं, शिवलीला, लेकरू हाय माझं. मी तर इथं आहे. मला नाही म्हणत. तिला —

हे त्या सुटलेल्या दांड्याला धरून

पडले. चबुतऱ्यावर. आवाज आला.

उठत नाहीत. हात हलतोय. पाणी म्हणतायत. कुणी जवळ जात नाही. मामा फाटकाकडं पळाले, आत्या त्यांच्या मागं — तारेला —

अक्का इकडं येतेय. दार वाजवतेय. दोन्ही हातांनी. रुद्राणी, दार उघड, रुद्राणी, मला आत घे, ती माझ्याकडं बघतेय गं, रुद्राणी.

कडी बाहेरून आहे. ती विसरलीय.

मी आतून म्हणाले, रुद्राणी पळून गेली.

दार वाजायचं थांबलं.

काहीच ऐकू येत नाही. फक्त बांगड्या. अक्का बांगड्या घालत नाही, घड्याळ घालते —

दाराखालून पाणी येतंय. करडं.

कडी सरकली. सावकाश. दाराच्या फटीतून हात आत आलाय, माझ्याकडं पसरलाय, उताणा, काही मागितल्यासारखा. शालू मागतेय का? की मला

मी पदर सोडून तिच्या हातात दिला. तिनं धरला. आता ती